सलामीसाठी उचललेला हात : तलवारपटू हेलेन मायरची कहाणी

१/
ऑगस्ट १९३६, बर्लिन. ऑलिम्पिकमधील महिलांच्या तलवारबाजीचा पदकप्रदान सोहळा सुरू आहे. चबुतऱ्यावर तीन स्त्रिया उभ्या आहेत. त्यांच्यापैकी रौप्यपदक मिळवणारी उंचपुरी, सोनेरी केसांची जर्मन तरुणी पांढऱ्या पोशाखात आहे. तिच्या पोशाखावर नाझी स्वस्तिक आहे आणि उजवा हात नाझी सलामीसाठी ताठ पुढे केलेला आहे.

२/
त्या क्षणाचे छायाचित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. वरवर पाहता त्यात नवल वाटावे असे काही नाही, कारण त्या स्पर्धेत असंख्य जर्मन खेळाडूंनी अशीच सलामी दिली होती. परंतु या तरुणीचे वडील ज्यू होते. ज्या राजवटीला ती सलामी देत होती, त्याच राजवटीने जेमतेम वर्षभरापूर्वी तिच्यासारख्यांना कायद्याने दुय्यम ठरवले होते. तिचे नाव हेलेन मायर. तो हात तसा का उचलला गेला, हे समजून घेण्यासाठी तिचे सारे आयुष्य पाहावे लागते.

३/
हेलेनचा जन्म २० डिसेंबर १९१० रोजी फ्रँकफर्टजवळच्या ओफेनबाख या गावी झाला. माइन नदीकाठचे हे गाव चर्मोद्योगासाठी प्रसिद्ध होते. वडील लुडविग मायर व्यवसायाने डॉक्टर आणि धर्माने ज्यू, तर आई ख्रिस्ती. हेलेनला दोन भाऊ होते. घरातील वातावरण सुशिक्षित मध्यमवर्गीय जर्मन कुटुंबाचे होते आणि धार्मिक आचारांना तेथे फारसे स्थान नव्हते. आपण जर्मन आहोत, याविषयी त्या घरात कुणाला शंका असण्याचे कारणच नव्हते.

४/
ओफेनबाखचा तलवारबाजी क्लब त्या काळी जर्मनीत नावाजलेला होता. आर्तुरो गझेरा हे इटालियन प्रशिक्षक तेथे शिकवत असत. त्यांच्या हाताखाली हेलेन लहान वयातच तयार झाली. किशोरवयातच ती राष्ट्रीय विजेती ठरली आणि १९३० पर्यंत तिने जर्मनीचे अजिंक्यपद सहा वेळा पटकावले. कानांवर गुंडाळलेल्या सोनेरी वेण्या आणि कपाळावर पांढरी पट्टी ही तिची ओळख बनली. लोक तिला लाडाने ‘सोनेरी हे’ म्हणत. ‘हे’ हे हेलेनचे लघुरूप.

५/
येथे या खेळाविषयी थोडेसे. आधुनिक तलवारबाजीत फॉइल, इपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे असतात. फॉइल ही हलकी, लवचीक तलवार. तिने कापायचे नसते, केवळ टोकाने भोसकायचे असते, आणि तोही स्पर्श प्रतिस्पर्ध्याच्या धडावर झाला तरच ग्राह्य धरतात. हात, पाय वा डोके यांवर झालेल्या वाराला गुण मिळत नाही. त्या काळात ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना केवळ फॉइलच खेळता येत असे, तेही १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून. महिलांची इपी १९९६ मध्ये आणि सेबर थेट २००४ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली.

६/
आज फॉइलचे टोक लागताच विजेचा दिवा पेटतो. हेलेनच्या काळी फॉइलसाठी अशी सोय नव्हती. लढतीच्या भोवती उभे असलेले पंच डोळ्यांनी पाहून स्पर्श झाला की नाही ते ठरवत. क्षणार्धात होऊन गेलेली हालचाल कधी एकाला दिसे, दुसऱ्याला दिसत नसे. म्हणून आपल्याला लागलेला वार खेळाडूने स्वतःहून मान्य करणे हा या खेळातील सभ्यतेचा जुना संकेत मानला जाई.

७/
१९२८ चे अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिम्पिक. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, तीच ही स्पर्धा. पहिल्या महायुद्धानंतर १९२० आणि १९२४ च्या ऑलिम्पिकमधून वगळल्या गेलेल्या जर्मनीला येथे प्रथमच परत प्रवेश मिळाला होता. सतरा वर्षांच्या हेलेनने २० लढतींपैकी १८ जिंकल्या आणि सुवर्णपदक मिळवले. रौप्यपदक ब्रिटनच्या म्युरिएल फ्रीमनला, तर कांस्यपदक जर्मनीच्याच ओल्गा ओल्केर्सला मिळाले.

८/
पराभव, महागाई आणि बहिष्कार यांनी खचलेल्या देशाला ही शाळकरी विजेती फार जवळची वाटली. तिच्या छबीच्या चिनी मातीच्या मूर्ती बनल्या, घराघरांत तिचे नाव पोहोचले. १९२९ आणि १९३१ मध्ये तिने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. आज आंतरराष्ट्रीय महासंघ त्या स्पर्धांना विश्व अजिंक्यपदाचाच दर्जा देतो. विशीतच तिच्या खात्यात मिळवण्यासारखे जवळजवळ सारे काही जमा झाले होते. १९३१ मध्येच वडिलांचे निधन झाले. पुढे काय वाढून ठेवले होते, ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

९/
१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदकाची पहिली दावेदार तीच होती. परंतु स्पर्धेच्या काही दिवस आधी, २६ जुलै रोजी, जर्मन नौदलाचे ‘निओबे’ हे प्रशिक्षण जहाज बाल्टिक समुद्रात बुडाले आणि ६९ जणांना जलसमाधी मिळाली. त्यांच्यात हेलेनचा जिवलग मित्र होता आणि ही बातमी तिला ऐन स्पर्धेच्या तोंडावर समजली, असे तिच्या चरित्रांत नोंदवलेले आहे. ती पाचव्या क्रमांकावर राहिली.

१०/
त्याच स्पर्धेतील आणखी एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रिटनची ज्युडी गिनेस आणि ऑस्ट्रियाची एलेन प्राइस यांच्यातील निर्णायक लढतीत पंचांच्या नजरेतून प्राइसचे दोन स्पर्श निसटले. गिनेसने स्वतः पुढे होऊन, ते वार आपल्याला लागले आहेत, असे पंचांना सांगितले. सुवर्णपदक प्राइसला मिळाले, गिनेसला रौप्य. न दिसलेला वार मान्य करणारी माणसे या खेळात होती, याचा हा पुरावा.

११/
स्पर्धेनंतर हेलेन अमेरिकेतच थांबली. विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या जर्मन शिष्यवृत्तीवर तिने कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथील स्क्रिप्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे जर्मनीच्या परराष्ट्र सेवेत जाण्याचे तिचे स्वप्न होते. ३० जानेवारी १९३३ रोजी अ‍ॅडॉल्फ हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला, तेव्हा ती वर्गात बसून आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करत होती.

१२/
त्यानंतरच्या घटना फार वेगाने घडल्या. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला आणि क्रीडासंस्थांनीही ज्यू सदस्यांना बाहेरची वाट दाखवायला सुरुवात केली. ओफेनबाखच्या क्लबने आपल्या सर्वांत यशस्वी खेळाडूचे नाव सदस्यांच्या यादीतून काढून टाकले. शिष्यवृत्तीही बंद झाली. परराष्ट्र सेवेचे दार तर कायमचे मिटले. हजारो मैल दूर असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला आपण ‘ज्यू’ आहोत, हे सरकारी निर्णयांतून कळत होते.

१३/
अमेरिकेने तिला आधार दिला. १९३४ पासून ती ओकलंड येथील मिल्स महाविद्यालयात जर्मन भाषा आणि तलवारबाजी शिकवू लागली. त्याच वर्षी ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली आणि १९३५ मध्येही तिने ते पद राखले. पोटापाण्याची सोय होती, मानही होता. मात्र आई आणि दोन्ही भाऊ जर्मनीतच होते.

१४/
इकडे बर्लिनच्या ऑलिम्पिकवर वादळ घोंघावत होते. यजमानपद १९३१ मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी, बर्लिनला मिळाले होते. आता अमेरिकेत बहिष्काराची मागणी जोर धरू लागली. अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेचे अध्यक्ष जेरेमाया महोनी बहिष्काराच्या बाजूचे होते. ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज सहभागाचा आग्रह धरत होते. अमेरिका आली नसती तर नाझींच्या भव्य देखाव्याचा रंगच उडाला असता.

१५/
यावर तोडगा म्हणून एक कल्पना पुढे आली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अमेरिकी सदस्य चार्ल्स शेरिल १९३५ मध्ये हिटलरला भेटले. जर्मन संघात निदान एखादा तरी ज्यू खेळाडू घ्यावा, म्हणजे बहिष्काराची हवा निघून जाईल, असा त्यांचा आग्रह होता. यासाठी हेलेन मायरपेक्षा सोयीचे नाव नव्हते. ती जगप्रसिद्ध होती, पदकाची खात्री होती, आणि रूप असे की नाझींच्या ‘आर्य’ चित्रफलकावर शोभावे.

१६/
याच सुमारास, १५ सप्टेंबर १९३५ रोजी, न्युरेंबर्ग कायदे जाहीर झाले. जर्मन रक्ताच्या व्यक्तीलाच पूर्ण नागरिकत्व, हे त्यांचे सूत्र. नोव्हेंबरमधील पूरक आदेशाने आजी-आजोबांची मोजदाद सुरू केली. चारांपैकी तीन वा चार ज्यू असतील तर ती व्यक्ती ज्यू. दोन असतील आणि ती व्यक्ती ज्यू धर्मसंस्थेशी वा विवाहाने ज्यूंशी जोडलेली नसेल, तर ‘मिश्लिंग’, म्हणजे संकरित. हेलेन या दुसऱ्या खान्यात बसत होती. जर्मन संघात खेळण्याचे निमंत्रण आले, तेव्हा तिची मुख्य मागणी पैशाची वा सुविधांची नव्हती. आपल्याला पूर्ण जर्मन नागरिक मानावे, एवढेच तिला हवे होते.

१७/
डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकी क्रीडा संघटनेत बहिष्काराचा प्रस्ताव अगदी निसटत्या फरकाने फेटाळला गेला. सहभागाच्या समर्थकांच्या हाती हेलेनचे नाव हा एक ठळक मुद्दा होता. १९३६ च्या सुरुवातीला ती जर्मनीला परतली. जर्मन वृत्तपत्रांना प्रचारखात्याची सूचना गेली की, तिच्या अनार्य वंशाविषयी आणि तिच्याकडून असलेल्या सुवर्णपदकाच्या अपेक्षेविषयी काही छापू नये. परदेशी पाहुण्यांसाठी ती ज्यू होती, देशातील वाचकांसाठी तो विषयच नव्हता.

१८/
हा डाव किती हिशेबी होता, ते ग्रेटेल बर्गमान हिच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. उंच उडीतील ही ज्यू खेळाडू इंग्लंडमध्ये स्थिरावू पाहत होती. कुटुंबावर संकट येईल अशा धमकीने तिला परत बोलावले गेले. जून १९३६ मध्ये तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. १५ जुलैला अमेरिकी संघाचे जहाज बर्लिनच्या दिशेने सुटले. दुसऱ्याच दिवसाची तारीख असलेले पत्र बर्गमानला आले : आपली कामगिरी पुरेशी नसल्याने निवड झालेली नाही, सामने उभ्याने पाहण्याचे तिकीट हवे असल्यास मिळेल. ऑलिम्पिकमध्ये पहिल्या तिघी १.६० मीटरवरच बरोबरीत होत्या.

१९/
हेलेन मात्र संघात राहिली. ४ आणि ५ ऑगस्टला महिलांच्या फॉइलच्या लढती झाल्या. अंतिम फेरीत तीन नावे आघाडीवर होती : हंगेरीची इलोना एलेक, ऑस्ट्रियाची एलेन प्राइस आणि हेलेन मायर. एलेकने सुवर्ण जिंकले, हेलेनने रौप्य, प्राइसने कांस्य. यातील विलक्षण योगायोग असा की, एलेकचे वडीलही ज्यू होते आणि प्राइसच्या घराण्याचे मूळही ज्यूच. वंशशुद्धीचा उत्सव म्हणून उभारलेल्या त्या सोहळ्यात, नाझींच्या फूटपट्टीने ‘शुद्ध आर्य’ ठरेल अशी एकही स्त्री त्या चबुतऱ्यावर नव्हती.

२०/
आणि मग ती सलामी. ड्रेस्डेनमध्ये राहणारे ज्यू वंशाचे प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्परर यांनी त्याच महिन्यात आपल्या दैनंदिनीत या प्रकाराची कडवट नोंद केली. हेलेनचे जर्मनीकडून खेळणे अधिक निलाजरे, की तिच्या यशावर नाझी राजवटीने हक्क सांगणे अधिक निलाजरे, असा त्यांच्या संतापाचा आशय होता. नोकरी गेलेल्या, दिवसेंदिवस घेरल्या जाणाऱ्या माणसाचा हा संताप होता. त्याला खोडून काढणे सोपे नाही.

२१/
दुसऱ्या बाजूनेही प्रश्न उरतात. आई आणि भाऊ राजवटीच्या मुठीत असताना सलामी नाकारण्याची किंमत कोणी मोजली असती? जर्मन संघातील खेळाडूला सलामी न देण्याची मोकळीक कितपत होती? आणि ‘मी जर्मनच आहे’ हे आयुष्यभराचे भान सरकारी आदेशाने पुसले जाते का? अभ्यासकांनी तिच्या त्या कृतीत कधी भीती पाहिली, कधी महत्त्वाकांक्षा, कधी मायदेशाची ओढ. हेलेन स्वतः त्याविषयी जाहीरपणे फारशी बोलली नाही. मात्र जी मागणी घेऊन ती परतली होती, ती लक्षात घेतली तर तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात.

२२/
ऑलिम्पिक संपले. पाहुणे परतले. जर्मनीने ३३ सुवर्णपदकांसह पदकतालिकेत पहिले स्थान मिळवले होते, आणि हेलेनची गरज आता उरली नव्हती. १९३७ मध्ये पॅरिस येथे तिने एलेकला मागे टाकून विश्व अजिंक्यपद जिंकले. बर्लिनमधील पराभवाची ही खेळातील परतफेड होती. त्यानंतर ती अमेरिकेत परतली आणि तेथेच स्थायिक झाली. पुढे तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. ज्या देशाकडे तिने नागरिकत्व मागितले होते, त्याच्याशी तो देश रणांगणात लढला.

२३/
अमेरिकेत ती आणखी सहा वेळा राष्ट्रीय विजेती झाली : १९३७, १९३८, १९३९, १९४१, १९४२ आणि १९४६. एकूण आठ अजिंक्यपदे. परंतु १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिके युद्धामुळे झालीच नाहीत. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे अशी निघून गेली. त्याच एलेकने मात्र १९४८ मध्ये लंडन येथे, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा सुवर्णपदक जिंकले. बारा वर्षांच्या अंतराने, मध्ये एक महायुद्ध ओलांडून. लंडनमध्येही कांस्यपदक प्राइसलाच मिळाले. बर्लिनच्या त्या तिघींपैकी केवळ हेलेन तेथे नव्हती.

२४/
१९५२ मध्ये हेलेन जर्मनीत परतली आणि एर्विन फाल्कनर फॉन सोननबुर्ग या अभियंत्याशी तिने विवाह केला. परतीचे हे सुख अल्पायुषी ठरले. कर्करोगाने ऑक्टोबर १९५३ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा ती अवघी ४२ वर्षांची होती. ग्रेटेल बर्गमानने नेमका उलटा मार्ग धरला. १९३७ मध्ये अमेरिकेत गेल्यावर तिने जर्मनीत पाऊल न ठेवण्याचा निश्चय केला आणि तो १९९९ पर्यंत पाळला. जर्मन संघटनेने तिचा विक्रम २००९ मध्ये पुन्हा नोंदीत घेतला. २०१७ मध्ये, १०३ व्या वर्षी, ती वारली.

२५/
१९६८ मध्ये पश्चिम जर्मनीने हेलेनचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. म्युनिकच्या ऑलिम्पिक ग्राममध्ये एका रस्त्याला तिचे नाव आहे : हेलेन-मायर-रिंग. याच ग्रामात सप्टेंबर १९७२ मध्ये इस्रायली संघावर दहशतवादी हल्ला झाला आणि संघातील ११ जण मारले गेले. त्यांच्यात २७ वर्षांचे आंद्रे श्पिट्झर होते. ते इस्रायलच्या तलवारबाजी संघाचे प्रशिक्षक होते.

२६/
हेलेन मायरच्या त्या छायाचित्राकडे पाहून तिला गद्दार म्हणणे सोपे आहे, आणि बळी म्हणून सोडून देणेही तितकेच सोपे आहे. परंतु तो हात एकटाच उचललेला नव्हता. त्यामागे तिला यादीतून काढणारा क्लब होता, तिच्या आजी-आजोबांची मोजणी करणारा कायदा होता, आणि एका ज्यू नावाच्या आधारे आपली सदसद्विवेकबुद्धी शांत करणारे परदेशी क्रीडाधुरीणही होते. ज्युडी गिनेसने आपल्याला लागलेला वार स्वतः पंचांना सांगितला होता. बर्लिनमध्ये झालेला वार यांपैकी कुणीही मान्य केला नाही.